भाजलेलं बी आणि वाळलेलं बी

तुकोबांच्या गाथेत बियाचा एक अभंग आहे. आम्ही बी भाजून त्याची लाही केली, आता आम्हाला जन्म नाही आणि मरण नाही, असं ते त्यात सांगतात. त्याच तुकोबांचं एक मागणं आपण कीर्तन संपताना उभं राहून, टाळ्या वाजवत म्हणतो. त्यात ते देवाजवळ मुक्ती मागत नाहीत, संपत्ती मागत नाहीत. संतांची संगत मागतात आणि तिच्यासाठी आम्हाला खुशाल गर्भवासात घाल म्हणतात. आता बी भाजलं असेल तर गर्भवास कुठला? आणि गर्भवासाची तयारी असेल तर बी भाजलं कशाला?

आमच्या गावच्या सप्ताहात मी हे एका कीर्तनकार बुवांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, एक ज्ञानाची भूमिका आहे, एक भक्तीची." उत्तर चुकीचं नव्हतं. पण भूमिका दोन असल्या तरी बोलणारा माणूस एकच आहे, आणि हा माणूस शब्द सैल टाकणारा नाही. तो बी म्हणतो तेव्हा त्याला बीच म्हणायचं असतं.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माहेर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं, सासर सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. कोरेगाव म्हटलं की लोकांना वाघ्या घेवडा आठवतो. त्याच्या दाण्यावर वाघाच्या अंगावर असावेत तसे पट्टे असतात आणि २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो शेतात पेरायचा घेवडा. माझा संबंध परड्यातल्या वेलांशी. पावटा आणि काळा घेवडा मी मांडवावर चढवते आणि दोन्हींचं बी घरीच धरते. शास्त्र मला प्रवचनातून आणि वाचनातून आलं तेवढंच. पण बी भाजणं आणि बी राखणं ही दोन्ही कामं मी हातांनी केली आहेत. ह्या प्रश्नावर बोलायला तेवढा अधिकार पुरे, असं मी धरून चालते.

मृगाचा पाऊस होऊन माती गार झाली की बी टोकायचं. वेल हातभर झाला की काठी मागतो. काठी चिव्याची असो, शेवरीची असो की तुरीची, तो तिला एकाच वळणाने वेढे घालतो, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. लहानपणी आम्ही भावंडं मुद्दाम वेल सोडवून दुसऱ्या बाजूने गुंडाळायचो. दोनेक दिवसांत शेंडा पुन्हा आपल्या वळणावर आलेला असायचा. डार्विनने १८६५ साली चढणाऱ्या वेलींवर एक अख्खा निबंध लिहिला. आधार सापडेपर्यंत शेंडा हवेत गोल फिरत राहतो, ते त्याने तासातासाला नोंदवून ठेवलं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की प्राणी आपल्या प्रकृतीप्रमाणे जातात, तिथे निग्रह काय करणार. शाळेत मुलांना शिकवताना हे मला फार निराशेचं वाक्य वाटायचं. वेलाकडे पाहताना तसं वाटत नाही. वळण त्याचं ठरलेलं असतं, पण काठी कुठली आणि किती उंच, हे ठरलेलं नसतं.

देशी पावटा दिवस पुरेसे लहान झाल्याशिवाय फुलत नाही. श्रावण-भाद्रपदात कितीही शेणखत घाला, नुसता पाला माजतो. दसऱ्याच्या मागेपुढे तुरे दिसू लागतात आणि दिवाळीनंतर शेंगा धरतात. म्हणजे देव निजलेले असतात त्या चातुर्मासाचा बहुतेक काळ वेल नुसता वाढत असतो. धर्मशास्त्राच्या जुन्या निबंधग्रंथांत नेमका ह्याच काळात पावटा खाऊ नये असं सांगितलंय. संस्कृतात त्याला निष्पाव म्हणतात. त्याच्या जोडीला राजमाषही वर्ज्य, म्हणजे आपली चवळी. कार्तिकात तर डाळ होणारं सगळंच द्विदल वर्ज्य. हे कुणाला सांगितलं की तो लगेच म्हणतो, "बघा, बी टिकावं म्हणून पूर्वजांनी केवढी सोय केली!" मला हे पटत नाही. पेरणी आषाढात उरकलेली असते. त्यानंतर मडक्यात उरलेले पावटे खाल्ले तर बियाचं काय नुकसान होणार? धर्माला शेतीखात्याचं पत्रक करून टाकलं की धर्मही हातचा जातो आणि शेतीही कळत नाही. व्रत हे व्रतच असतं. एखाद्या वस्तूवाचून आपलं चालतं का, एवढंच ते पाहतं. बियाचा प्रश्न व्रताच्या पुढचा आहे, आणि तो देव उठल्यावर सुरू होतो.

शेंगा धरल्या की घरात दोन पक्ष पडतात. कोवळ्या शेंगा तोडत राहिलं तर वेल फुलत राहतो. त्याच शेंगा वेलावर भरू दिल्या, पिकू दिल्या की वेल आटोपतं घेतो. फुलं कमी होतात, पानं पिवळी पडतात. ज्या वेलाचं बी हवं त्या वेलाची भाजी विसरायची. त्यातून बियाला सोडायच्या त्या उरल्यासुरल्या शेंगा नव्हेत. निरोगी वेल पाहायचा. केवडा पडलेला वेल कितीही लागलेला असला तरी त्याचं बी धरायचं नाही. शेंगा लवकर धरलेल्या, भरदार, दाणे सारखे असलेल्या हव्यात. शेवटच्या किडक्या-वाकड्या शेंगा बियाला ठेवणाऱ्याचा पावटा वर्षागणिक उशिराचा आणि बारका होत जातो, कारण त्याने नकळत उशिराचं आणि बारकंच निवडलेलं असतं. मी अशा शेंगांच्या देठाला चिंधी बांधते. आणि हे सगळं नेमकं पौषात, भोगी तोंडावर आलेली असताना. भोगीच्या भाजीला पावटा, घेवडा, गाजर, वांगं, ओला हरभरा आणि तीळ लागतात, सोबत बाजरीची भाकरी. सून विळी घेऊन परड्यात जाते आणि तिची नजर हमखास चिंधीवाल्या शेंगांवर जाते, कारण मांडवावर सगळ्यांत चांगल्या त्याच असतात.

गीतेतला फलत्याग मला इथे समजला, तोवर तो ऐकलेला होता. फळाची आशा धरू नका म्हणजे फळाकडे पाहू नका, असाच अर्थ आपण सर्रास घेतो, आणि मग निष्काळजीपणालाही वैराग्य म्हणून खपवतो. बियाला सोडलेली शेंग ही अक्षरशः सोडलेलं फळ आहे. पण मांडवावर तिच्याइतकी कशाचीच राखण होत नाही. माव्यासाठी तिच्यावर राख उधळायची. अवकाळी ढग दिसले की जीव वर-खाली होतो. वाळल्यावर तोडायची तीही सकाळी, दहिवर असताना. दुपारच्या उन्हात शेंग तडकते आणि दाणे मातीत उडतात. म्हणजे लक्ष सगळं फळावर आणि खाणं मात्र नाही. फलत्याग म्हणजे फळाबद्दलची बेफिकिरी, हा अर्थ ज्याने काढला त्याने कधी बी धरलेलं नसावं.

पण हा त्याग पोट भरलेल्याला सोपा आहे, हेही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला होता, सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत. शहरात लाखो माणसं भुकेने मेली. तिथे निकोलाय वाविलोव यांनी जगभर फिरून जमवलेल्या बियांचा संग्रह होता. वाविलोव स्वतः तेव्हा स्टालिनच्या तुरुंगात होते आणि १९४३ साली तिथेच गेले. संग्रह सांभाळणारे शास्त्रज्ञ तांदूळ, गहू, वाटाणे अशा खाण्याजोग्या दाण्यांच्या पुड्यांमध्ये बसून उपाशी मेले, पण त्यांनी दाणे खाल्ले नाहीत. तांदळाचा संग्रह पाहणारे दिमित्री इवानोव त्यांतलेच एक. त्या संस्थेत गीता कुणी वाचत नसणार, आणि देवाचं नाव घेणंही त्या राजवटीत सोयीचं नव्हतं. तरी फलत्यागाचं याहून कडक उदाहरण मला माहीत नाही.

माझ्या आईने असं केलं नाही. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. बाप्ये-बाया खडी फोडायला जायच्या. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो मिळायची आणि कामावर सुकडी. आमच्या घरात एका गाडग्यात, राखेत घातलेला बियाचा पावटा होता. आम्हा पोरांना तो माहीत होता. आईने त्यातला अर्धा एके दिवशी शिजवला आणि अर्धा परत राखेत घालून गाडगं आढ्याला टांगलं. पुढे मी तिला विचारलं, सगळा का नाही ठेवला? ती म्हणाली, "पोरं जगली न्हाईत तर पेरायचं कुणासाठी?" मग सगळा का नाही शिजवला? त्यावर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं, मी मास्तरीण झाले तरी अक्कल आली नाही अशा नजरेने. लेनिनग्राडच्या त्या माणसांना मी हात जोडते, पण संसारी माणसाचा धर्म आईच्या गाडग्यात होता, असं मला वाटतं. अर्धं भुकेला आणि अर्धं पावसाला.

आता तुकोबांचं बी भाजणं ह्या बाजूने पाहा. त्यांच्या घरी वाणसवदा होता, महाजनकी होती. १६३० च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात व्यापार बुडाला आणि पहिली बायको अन्नावाचून गेली. दुष्काळात बी भाजून खाल्लं म्हणजे काय, हे त्या माणसाला पुस्तकातून कळलेलं नाही. बी भाजलं की पुढचं साल संपलं. दुसऱ्या कुणी आशा संपल्याची खूण म्हणून वापरला असता तो दृष्टांत ह्या माणसाने मुक्तीसाठी वापरला. दृष्टांत मुळात जुना आहे. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यातही ज्ञानाच्या आगीत भाजलेले क्लेश भाजलेल्या बियासारखे उगवत नाहीत असं म्हटलंय. पण भाष्यकाराचं बी पोथीतलं आहे. देहूच्या वाण्याचं बी मापातलं आहे.

बियाचा दुसरा जुना दृष्टांत छांदोग्य उपनिषदातला. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचं फळ आणायला सांगतो. ते फोड म्हणतो. आत बारीक बिया दिसतात. त्यांतली एक फोड म्हणतो. आत काय दिसतं? काही नाही. त्या न दिसणाऱ्यातूनच एवढा वड उभा राहिला आहे, आणि तेच तू आहेस, असा तो उपदेश. मी शाळेत हा पाठ पावट्यावर करून पाहायचे. रात्री भिजत घातलेला पावटा सकाळी मुलांच्या हातावर द्यायचा. पांढऱ्या चोचीशी नख लावलं की साल सुटतं. दोन डाळी उघडल्या की मधे वाकडा कोंब असतो आणि त्याला घडी घातलेली दोन इवलीशी पानं. मुलं ओरडायची, "बाई, झाड आहे!" उद्दालकाने वड निवडला ते बरं झालं. पावटा निवडला असता तर श्वेतकेतूने पानंसुद्धा दाखवली असती आणि उपदेश तिथेच अडला असता.

पण खरंच अडला असता का? मी हुलग्याचं माडगं करते तेव्हा हुलगे आधी तव्यावर भाजून घेते. एकदा दोन पावटेही त्यात पडले होते, ते मी मुलांना नेऊन दाखवले. एका हातावर भाजलेला पावटा, दुसऱ्या हातावर बियाचा. दोन्ही कोरडे, दोन्ही टणक. आतला कोंब दोघांतही, पानं दोघांत. भाजलेल्याचा रंग थोडा उतरला होता, तोही सांगितल्याशिवाय कळला नसता. ओल्या शेंगेतल्या दाण्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. वाळून बियाला आला की दहाव्या भागाच्या आसपास उरतं आणि त्याचा श्वास जवळजवळ थांबतो. जिवंत दाणा आणि मेलेला दाणा बाहेरून सारखे, आतून सारखे, वागण्यातही सारखे, कारण दोघेही काहीच करत नाहीत. फरक मातीत आणि पाण्यात घातल्यावरच दिसतो. उद्दालकाचं न दिसणारं ते इथे आहे. सगळे अवयव दिसत असूनही जे दिसत नाही, ते.

बियाला तिसरीही गत आहे, आणि आमच्या भागाला ती फार जवळून माहीत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा सांगली शहरापासून आमच्यापर्यंत काठची घरं दिवसेंदिवस पाण्यात होती. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं होती. त्यांतली कितीतरी २००५ च्या पुरानेच खचली होती. आमच्या घरात २०१९ ला पाणी आलं. ओसरल्यावर माघारी आलो तर फडताळातलं बियाचं मडकं गाळाने माखलेलं, आणि आतला पावटा उगवला होता. अंधारात, राखेच्या चिखलात, लांबच लांब पिवळे कोंब एकमेकांत गुंतून सडायला लागले होते. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला की वेलावरच्या शेंगेतही हेच होतं. दाणा शेंगेतच मोड काढतो. ना त्याला माती, ना काठी, ना दिवस. ओल लागली की तो उगवतो, कारण उगवल्यावाचून त्याला राहवत नाही.

हे तीन दाणे शेजारी ठेवले की तुकोबांचे दोन अभंग मला एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. ओल लागेल तिथे उगवणारा दाणा म्हणजे आपण. जरा स्तुती झाली, जरा अपमान झाला, जरा लोभ दिसला की आपले मोड बाहेर. आपल्या परंपरेने जन्ममरणाचा फेरा म्हटलं ते हेच उगवणं असावं, जागा न पाहता, वेळ न पाहता, न थांबता येणारं. ते बी भाजलं म्हणजे ही लाचारी संपली. आता माझ्या वासनेने मी उगवणार नाही. पण त्यानंतर जे उरलं ते तुकोबा देवाच्या हातात देतात. तुला पेरायचं असेल तिथे पेर, फक्त संतांच्या शेजारी पेर. गर्भवासाला ते तयार होतात ते उगवल्यावाचून राहवत नाही म्हणून नव्हे, पेरणारा दुसरा आहे म्हणून. वाळलेलं बी आपल्या बाजूने भाजलेल्याइतकंच मेलेलं असतं. ते काही मागत नाही, कुठे धावत नाही. तरी पेरणाऱ्याच्या हाताला ते नकार देत नाही. भाजणं ही त्यांच्या मीपणाची गोष्ट आहे आणि गर्भवास ही त्यांच्या प्रेमाची. माणूस एकच.

दृष्टांत ताणू नये, हे मला ठाऊक आहे. गौडपादांनी तर बी आधी की अंकुर आधी ह्या दृष्टांतालाच हरकत घेतली आहे. जे सिद्ध करायचं तेच तुम्ही दाखला म्हणून आणता, असं त्यांचं म्हणणं. बियाला इच्छा नसते आणि म्हणून वैराग्यही नसतं. मला एवढंच म्हणायचंय की ज्ञानाची भूमिका आणि भक्तीची भूमिका अशा दोन खोल्या करून तुकोबांना कधी ह्या, कधी त्या खोलीत बसवण्याची गरज नाही.

खरी हरकत माझ्या शेजारच्या अक्कांनी घेतली. त्या जैन. आमच्या भागात जैन शेतकरी पुष्कळ. अष्टमी-चतुर्दशीला त्यांच्याकडे हिरवी भाजी नसते, तेव्हा वाळलेला पावटा त्यांच्या घरात आमच्याहून जास्त शिजतो. मी त्यांना माझं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही बियाला मेलेलं म्हणताय तिथंच चुकतंय. ते जिवंत हाय. आणि जिवंत हाय म्हणूनच तुम्ही साठवताय. ते वैराग्य न्हवं बाई, तो परिग्रह."

हा मुद्दा मी उडवून लावू शकले नाही. जैनांनी ह्या गोष्टीचा जितका बारीक विचार केला आहे तितका आपल्यात कुणी केलेला मला सापडला नाही. श्वेतांबरांच्या भगवती सूत्रात कोठारात बंद ठेवलेल्या धान्याची उगवण्याची शक्ती किती काळ टिकते हे सांगितलंय. साळ, गहू, जव यांची तीन वर्षं. मूग, उडीद, मसूर, कुळीथ आणि निष्पाव, म्हणजे पावटासुद्धा, यांची पाच वर्षं. जवस, करडई वगैरेंची सात. त्यानंतर ते बी बी राहत नाही. आमच्या घरातला पावटाही चौथ्या-पाचव्या वर्षी मोजकाच उगवतो. म्हणून ओल्या फडक्यात दहा दाणे गुंडाळून आधी पाहायचं, सातआठ मोडावले तर पेरायचं. आता ज्या बियाला मुदत आहे ते साठवून ठेवताच येत नाही. तिजोरीत घातलं की ते मरतं. जगवायचं तर मुदतीच्या आत मातीत घालावं लागतं, म्हणजे आहे ते गमवावं लागतं. अक्कांना मी म्हटलं, ज्याची मालकी टिकवायला ते दर दोन-तीन वर्षांनी मातीत टाकून द्यावं लागतं, तो कसला परिग्रह? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हिसाब बरा जमवलाय." त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही.

पण त्याच अक्कांकडून पुरानंतर माझा पावटा परत आला. त्यांचं घर गावठाणात उंचावर. पूर्वी कधीतरी माझ्याकडून नेलेलं बी त्या लावत होत्या. त्यांनी बरणीभर दिलं. मग मला वाटलं, हा माझा पावटा का? आईचा का? मिलिंद राजा आणि नागसेन भिक्खू यांच्या संवादात असाच एक दाखला आहे. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर तो म्हणतो, ह्याने लावलेली कोय वेगळी होती, मी तोडलेले आंबे वेगळे, मग चोरी कसली? नागसेनाचं म्हणणं असं की तेच नाहीत हे खरं, पण त्यांच्यावाचून हे झाले नसते, म्हणून तो दोषी. तेच नाही आणि वेगळंही नाही. बौद्धांनी आत्मा न मानता कर्म कसं चालतं हे ह्या दाखल्याने समजावलं. कोरेगावच्या गाडग्यातला एकही दाणा आज कुठे उरलेला नाही. पण अक्कांच्या बरणीतल्या दाण्यावर तीच पांढरी रेघ होती, उगवल्यावर वेलाने तेच वळण घेतलं, आणि दसऱ्याच्या आधी तो फुलला नाही.

म्हणून बियाच्या बाबतीत हक्क आणि मालकी ह्या दोन गोष्टी मी वेगळ्या धरते. हक्क हवा, त्याबद्दल दुमत नाही. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पुन्हा पेरायचा, देण्याघेण्याचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. ब्रँडचं नाव लावून मात्र ते विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी वालाच्या, घेवड्याच्या कितीतरी गावठी जाती जमवून लोकांच्या हाती दिल्या, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि घरातल्या म्हाताऱ्या करत आलेल्या कामाला पहिल्यांदा नाव मिळालं. पण हक्क राखायचा असतो तो देता यावं म्हणून.

आमच्याकडे संक्रांतीला सुगडात हरभरा, बोरं, उसाचे करवे, गव्हाची ओंबी आणि घेवड्या-पावट्याच्या शेंगा घालून बाया एकमेकींना वाण देतात. नवरा गेल्यापासून मला सुगड कुणी देत नाही. रीत आहे, आणि रीत वाईट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याच बाया मृग लागला की बरणी घेऊन माझ्या दारात येतात. तेव्हा कुणाला माझं कुंकू आठवत नाही. ज्या हाताचं वाण चालत नाही त्या हाताचं बी चालतं, ही विसंगती मी एकदा सप्ताहाच्या मंडपातच बोलून दाखवली. बायकांनी माना खाली घातल्या आणि बुवांनी विषय बदलला. मला त्यात धर्माची एक खूण दिसते. रीत कुणाला शुभ म्हणायचं ते ठरवत बसते, आणि बी कुणाच्या हातून पेरलं गेलं ते विचारत नाही. तुकोबांनीही गर्भवास मागताना कुळ मागितलं नाही, संगत मागितली.

मला विचाराल तर मोक्ष मला नको असं नाही. पण मागायचा झाला तर भाजलेल्या बियाचा मागण्याइतकी माझी तयारी नाही, आणि पुरातल्या मडक्यासारखं उगवत राहण्याची हौस आता उरलेली नाही. मधली अवस्था साधली तरी पुष्कळ झालं. कोरडं व्हायचं, ओलीला भुलायचं नाही, आणि कुणी पेरलं तर कुरकुर करायची नाही.

मृगात बी न्यायला येणाऱ्यांना मी पैसे मागत नाही. एकच अट घालते, आणि ती बहुतेकींना जड जाते. पहिल्या वर्षीच्या सगळ्यांत चांगल्या शेंगांना चिंधी बांधायची आणि भोगीची भाजी दुसऱ्या नंबरच्या शेंगांची करायची. देवाला नैवेद्य तसाच दाखवायचा. दुसऱ्या नंबरच्या शेंगा देवाला कशा चालतील, असं कुणी विचारलं तर मी सांगते, पहिल्या नंबरच्या त्यालाच ठेवल्यात, फक्त ह्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी.